रुलेटचें चक्र

गेल्या महिन्यांत आमचा एक भाचा अवेळीं आमच्याकडे आला. जेवणें आटोपलीं, मुलें निजलीं, तरी स्वारी उठण्याचें नांव घेईना. तेव्हांच आम्हीं ताडलें कीं, पोटांत कांहीं तरी आहे. अखेर तें बाहेर पडलें. मित्रांबरोबर तो गोव्यास गेला होता. पणजीस मांडवीच्या पात्रांत कॅसिनोच्या बोटी नांगरलेल्या असतात, त्यांतील एकीवर रुलेटच्या चक्रापुढें बसून त्यानें एका रात्रींत २५,५०० रुपये घालविले. नोकरीच्या पहिल्या वर्षाची ती शिल्लक. वडिलांस हें ठाऊक नव्हतें; आणि आमच्याकडून तेवढीच रक्कम उसनी घेऊन पुन्हां तेथेंच जाण्याचा त्याचा बेत होता!

“मामा, रीत चुकली नाहीं, भांडवल कमी पडलें,” असें तो म्हणाला.

त्याची रीत जुनीच. लाल रंगावर शंभर रुपये लावावयाचे. हरल्यास दोनशें, मग चारशें, याप्रमाणें दुप्पट करीत जावयाचें. केव्हां तरी लाल येणारच, आणि त्या एका खेपेंत मागचें सर्व भरून निघून वर शंभर सुटतात. वाचकांपैकीं पुष्कळांस हें बिनतोड वाटेल. आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. त्या चक्रावर ३७ घरें होतीं: १८ लाल, १८ काळीं व शून्याचें एक हिरवें. म्हणजे लालवाला सरासरीनें ३७ पैकीं १९ वेळां हरतो. ओळीनें आठ वेळां हरण्याचा प्रसंग सुमारें २०७ प्रयत्नांत एकदां यावयाचा. उरलेल्या २०६ प्रयत्नांची मिळकत २०,६०० रुपये, आणि त्या एकाचें नुकसान २५,५००! नववा डाव २५,६०० रुपयांचा. त्याला पैसा तर हवाच, शिवाय मेजावर डावाची कमाल मर्यादा ठरलेली असते. १९१३ च्या ऑगस्टांत माँटे कार्लो येथें काळा रंग ओळीनें २६ वेळां आला, आणि ‘आतां तरी लाल’ म्हणत लोक रकमा वाढवीत गेले. गोळीला मागच्या खेपांचें सोयरसुतक कोठलें?

“मग हें चक्र कोणालाच जिंकतां आलें नाहीं काय?” त्यानें विचारलें. प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर रंगांच्या हिशेबांत नसून गोळीच्या गतींत आहे.

चक्राभोंवतीं आंत उतरती अशी कड असते. तीवरून गोळी चक्राच्या उलट दिशेनें फेंकतात. वेग आहे तोंपर्यंत ती बाहेरच्या अंगास दाबून धांवते. घर्षणानें व हवेच्या विरोधानें मंदावते, आणि वेग ठराविक मर्यादेखालीं आला कीं कड सोडून खालीं घसरते. सर्व मर्म येथें आहे. गोळी कितीही जोरानें फेंकली तरी कड सोडतांना तिचा वेग जवळजवळ तोच असतो. म्हणून एका फेरीस किती वेळ लागला हें मोजलें कीं, ती केव्हां व कोठें सुटेल हें गणितानें काढतां येतें. चक्र तर फारच सावकाश मंदावतें. वाटेंत धातूचे उंचवटे असतात, त्यांवर आपटून ती भलतीकडेच उडते, म्हणून नेमकें घर सांगणें अशक्य. पण चक्राचा कोणता भाग, हें पुष्कळदां सांगतां येतें, आणि फायद्यास तेवढें पुरें. गोळी फेंकल्यावरही कांहीं क्षण डाव घेत राहण्याची कॅसिनोंची वहिवाट आहे. ती नसती तर हें सर्व गणित फुकट!

१९६० सालीं एडवर्ड थॉर्प हे तरुण गणिती आणि संदेशवहनाच्या गणिताचा पाया घालणारे क्लॉड शॅनन या दोघां अमेरिकनांनीं हें मनावर घेतलें. १,५०० डॉलर देऊन खरें चक्र आणलें व शॅनन यांच्या तळघरांत प्रयोग मांडले. त्यांनीं बनविलेलें गणकयंत्र सिगारेटच्या पाकिटाएवढें होतें. एकानें बुटांतील कळा पायाच्या अंगठ्यानें दाबून फेऱ्या मोजावयाच्या. दुसऱ्याच्या कानांत सप्तकाचे आठ सूर वाजत, आणि थांबतांना जो सूर शेवटचा ऐकूं येई, त्याच्या वांट्याच्या आंकड्यांवर त्यानें डाव लावावयाचा. शंभरामागें ४४ नफा, असा त्यांचा अंदाज होता. १९६१ च्या उन्हाळ्यांत दोघेही सपत्नीक लास व्हेगासला गेले. यंत्र चाललें! पण कानाकडे जाणारी केसासारखी बारीक तार वरचेवर तुटे. मोठी रक्कम न लावतांच मंडळी परतली. पुढें १९८५ सालीं नेव्हाडा राज्यानें असलीं उपकरणें वापरणें हा गुन्हाच ठरविला.

आमच्या मातोश्री जपमाळ घेऊन हें ऐकत होत्या. “अरे, ऋतुपर्णानें नळाला अक्षहृदय शिकविलें तें असेंच ना? बेहड्याचीं पानें नि फळें त्यानें रथांतूनच मोजून सांगितलीं होतीं,” त्या म्हणाल्या. उपमा आम्हांस पटली. मात्र ही विद्या मिळण्यापूर्वींच नळाचें राज्य गेलें होतें, हें भाच्याच्या लक्षांत आलें कीं नाहीं कोण जाणे.

पैसे आम्हीं दिले नाहींत. तूर्त तो आमच्या घरची पितळी परात घेऊन गेला आहे. तिच्या कडेनें गोटी फिरवून मोबाइलवर फेऱ्यांचा वेळ मोजीत असतो. परात केव्हां परत येणार, अशी सौभाग्यवतींची रोज विचारणा चालू आहे. त्याच्या वडिलांकडे हें मासिक नियमानें जातें. तेव्हां हा अंक त्यांच्या हातीं पडण्यापूर्वीं त्यानें स्वतः त्यांस सर्व सांगावें, एवढी मुदत आम्हीं त्याला दिली आहे.