मुलांना कोंडून शहर सुरक्षित होत नाही

शिकागो आणि परिसरातील मराठी पालकांना जाहीर आवाहन

पालकहो,

शिकागो शहरात रात्री १० नंतर १८ वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय रस्त्यावर, बागेत किंवा दुकानात दिसलं, की तो नियमभंग ठरतो. १२ वर्षांखालच्यांसाठी ही वेळ आणखी अलीकडची आहे. शहराबाहेर, नेपरव्हिल असो की शॉमबर्ग, राज्याचा कायदा आहेच. १७ वर्षांखालच्यांनी रविवार ते गुरुवार रात्री ११ नंतर आणि शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीनंतर बाहेर राहायचं नाही. मुलाने चोरी केलेली नसते, कुणावर हात उगारलेला नसतो. त्याचं वय आणि घड्याळातली वेळ, एवढ्यावर पोलीस त्याला अडवू शकतो.

आपल्यापैकी अनेकांना यात काही वावगं वाटत नाही. "रात्री दहानंतर पोरांचं बाहेर काम काय?" असं आपणच म्हणतो. हा प्रश्न आईवडिलांनी जरूर विचारावा. पण घरातली शिस्त वेगळी आणि बंदूकधारी पोलिसाच्या हातातला कायदा वेगळा. शिवाय या कायद्याचा जो फायदा सांगितला जातो, तो होतच नाही. हेच दाखवण्यासाठी हे पत्रक काढलं आहे.

नियम आला कशावरून?

१४ मे २०२२, शनिवार. मिलेनियम पार्कमध्ये, ज्या 'बीन'समोर आपण भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा फोटो काढतो, तिथेच १६ वर्षांचा एक मुलगा गोळी लागून गेला. शहर हादरलं. तेव्हाच्या महापौर लोरी लाइटफूट यांनी गुरुवार ते रविवार संध्याकाळी ६ नंतर मोठ्यांची सोबत नसलेल्या मुलांना पार्कात यायला बंदी केली. शुक्रवार-शनिवारची संचारबंदीही ११ वरून १० वर आणली गेली. नगर परिषदेने त्याच महिन्यात तिच्यावर शिक्कामोर्तब केलं.

आता वेळ बघा. तो मुलगा मारला गेला तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजण्याचा सुमार होता. रात्री १० ची संचारबंदी त्याला वाचवू शकली नसती, ९ ची असती तरीही नाही. दुसऱ्या एका पोराच्या हातात पिस्तूल आलं कुठून, हा खरा प्रश्न होता आणि तो अवघड होता. सगळ्या मुलांना घरी पिटाळणं सोपं होतं, म्हणून ते झालं.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२१ मध्ये, लिटल व्हिलेज वस्तीत पहाटे अडीचच्या सुमारास १३ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. संचारबंदी तेव्हाही होती. तिने त्याला घरी ठेवलं नाही. त्या पहाटे त्याला कायदा भेटला तो गोळीच्या रूपाने.

अर्ध्या तासाची नोटीस

२०२५ च्या वसंतात डाउनटाउनमध्ये मुलांचे मोठे जमाव जमले, गोळीबाराच्या घटना घडल्या. आल्डरमन ब्रायन हॉपकिन्स यांच्या पुढाकाराने 'स्नॅप कर्फ्यू'चा ठराव आला. पोलीस प्रमुखांनी मनात आणताच शहरातल्या कुठल्याही भागात अवघ्या ३० मिनिटांच्या सूचनेवर मुलांसाठी संचारबंदी, असा तो ठराव! १८ जून २०२५ रोजी नगर परिषदेने तो २७ विरुद्ध २२ मतांनी मंजूर केला. महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला ५० पैकी ३४ मतं लागतात. जुलैमध्ये ती मिळाली नाहीत, म्हणून शहर वाचलं. पण बहुमत त्या ठरावाच्या बाजूने होतं, हे विसरू नका. पुढची दुर्घटना झाली की तो पुन्हा टेबलावर येणार.

अर्ध्या तासात मुलाने काय काय करायचं? सिनेमागृहात फोन बंद असताना सूचना वाचायची, बंदी नेमकी कुठल्या रस्त्यापासून कुठल्या रस्त्यापर्यंत आहे ते शोधायचं आणि दक्षिण टोकाच्या घरी पोहोचायचं. रेड लाइनने ९५व्या रस्त्यापर्यंत जाऊन पुढे बस धरायची, तर अर्धा तास पुरतच नाही. जो नियम पाळणं शक्यच नाही, त्याच्यामुळे सुरक्षा वाढत नाही, फक्त आरोपी वाढतात.

पुरावा काय सांगतो?

डेव्हिड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कॅम्पबेल संस्थेसाठी मुलांच्या संचारबंदीवरच्या १२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संचारबंदीमुळे गुन्हे कमी होतात किंवा मुलं गुन्ह्यांना बळी पडण्याचं प्रमाण घटतं, असं त्यात आढळलं नाही.

जिलियन कार आणि जेनिफर डोलिअॅक या अर्थशास्त्रज्ञांनी वॉशिंग्टन डी.सी. तपासलं. तिथे संचारबंदीची वेळ उन्हाळा संपला की मध्यरात्रीवरून ११ वर येत असे. गोळीबाराचा आवाज टिपणाऱ्या यंत्रांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. संचारबंदी लवकर सुरू झाली, की ११ ते १२ या तासातला गोळीबार तब्बल १५० टक्क्यांनी वाढलेला दिसला. कारण समजायला अवघड नाही. सरळमार्गी मुलं घरी जातात, रस्ता ओस पडतो, बघणारे डोळे कमी होतात आणि पिस्तूलवाल्याचं फावतं.

आपल्यापैकी ज्यांचं लहानपण मुंबई-पुण्यात गेलं, त्यांना हे अनुभवाने माहीत आहे. गणपतीत रात्री बारा-एकपर्यंत आपण टोळक्याने आरास बघत फिरलो. आईवडील निर्धास्त होते ते रस्ता माणसांनी भरलेला असायचा म्हणून.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत शाळेच्या दिवशी मुलांच्या हातून होणारी हिंसा सर्वाधिक असते ती शाळा सुटल्यानंतर, दुपारी तीनच्या सुमारास. संचारबंदी सुरू व्हायला तेव्हा अजून सात तास असतात.

टेक्सस राज्य गुन्हेगारांबाबत मवाळ म्हणून कुणाला माहीत नाही. त्या राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शहरांना मुलांवर अशी संचारबंदी लादायलाच मनाई केली. ऑस्टिन शहराने तर २०१७ मध्ये आपणहून ती रद्द केली होती.

अपवाद कागदावर, निर्णय रस्त्यावर

कायद्यात अपवाद आहेत, असं सांगितलं जातं. कामावरून परतणारं मूल, आईवडिलांच्या कामासाठी निघालेलं मूल, धार्मिक कार्यक्रमाहून येणारं मूल यांना सूट आहे. पण नवरात्रात गरबा आटोपून साडेदहाला ट्रेनची वाट पाहणाऱ्या तुमच्या मुलीला ही सूट कोण देणार? समोर उभा असलेला पोलीस. त्याचा विश्वास बसला तर ठीक. नाही बसला, तर निरपराध असल्याचा पुरावा तिनेच द्यायचा.

आणि पोलीस अडवतात कुणाला? या कायद्याचा भार सर्वांत जास्त पडतो तो दक्षिण आणि पश्चिम शिकागोतल्या काळ्या आणि लॅटिनो मुलांवर. "आमची मुलं चांगल्या घरातली, त्यांना कोण हात लावतो?" असं आपल्यातलं कुणी म्हणत असेल, तर त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो: शेजाऱ्याच्या मुलावरचा अन्याय आपल्या मुलाला सोडून गेला, म्हणून तो न्याय होत नाही. आणि अंधारात हूडी घातलेल्या सावळ्या मुलाचं आडनाव कुलकर्णी आहे की कांबळे, हे गाडीतल्या पोलिसाला दिसत नाही.

"मग जमावात गोळ्या झाडणाऱ्यांना मोकळं सोडायचं का?" अजिबात नाही. गोळीबार, मारहाण, तोडफोड हे सगळे आधीपासून गुन्हे आहेत. ज्याने केले त्याला पकडा, शिक्षा करा. पाचशे मुलांतल्या एकाने केलेल्या गुन्ह्यासाठी उरलेल्या चारशे नव्याण्णवांना गुन्हेगार ठरवू नका.

शहराने दारं बंद केली, ती उघडा

याच शहराने २०१२ मध्ये आपल्या १२ पैकी ६ मानसिक आरोग्य केंद्रांना कुलूप लावलं. २०१३ मध्ये सुमारे ५० सरकारी शाळा बंद केल्या, त्यांतल्या बहुतेक काळ्या वस्त्यांतल्या. आधी मुलांच्या जागा काढून घेतल्या आणि आता ती रस्त्यावर दिसतात म्हणून ओरड चालली आहे.

उपाय याच शहरात सिद्ध झाला आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त भागांतल्या १३ शाळांमधल्या मुलांना आठ आठवड्यांची पगारी नोकरी देऊन पाहिली. सारा हेलर यांचा अभ्यास २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. पुढच्या १६ महिन्यांत या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका, नोकरी न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, ४३ टक्क्यांनी कमी होत्या. मुलांना रागावर ताबा ठेवायला शिकवणाऱ्या 'बिकमिंग अ मॅन' या शिकागोतल्याच उपक्रमातही, तो चालू असताना, अशा अटका जवळपास निम्म्यावर आल्या. पोलीस आणि पैसा मुलं हुडकण्यात खर्चण्यापेक्षा इथे खर्च करा, हे मागायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आपण इथे कर भरतो.

आमच्या मागण्या

१. 'स्नॅप कर्फ्यू' कुठल्याही नावाने पुन्हा आला, तर तो फेटाळावा.
२. केवळ वय आणि वेळ या कारणावरून मुलांना अडवणं आणि ताब्यात घेणं थांबवावं.
३. संचारबंदीखाली कुणाला, कुठल्या वस्तीत अडवलं, याची आकडेवारी दर तीन महिन्यांनी जाहीर करावी.
४. उन्हाळी नोकऱ्या मागेल त्या प्रत्येक मुलाला मिळाव्यात.
५. बागांमधली सभागृहं, व्यायामशाळा आणि वाचनालयं शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवावीत.

आपण काय करायचं?

शहरात राहत असाल तर या आठवड्यात आपल्या वॉर्डाच्या आल्डरमनच्या कार्यालयात फोन करा आणि 'स्नॅप कर्फ्यू'वर त्यांचं मत काय होतं ते विचारा. उपनगरात राहत असाल तर राज्याच्या कायद्याबद्दल आपल्या आमदाराला लिहा. मुलांशी बोला. पोलिसाने अडवलं तर हात दिसतील असे ठेवायचे, पळायचं नाही आणि "मी आईवडिलांना फोन करू शकतो का?" असं शांतपणे विचारायचं, हे त्यांना शिकवा. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना याच शहरात झाली. सणाच्या मंडपात एकत्र येणारा हा समाज नगर परिषदेच्या सभागृहातही एकत्र दिसला पाहिजे. हे पत्रक वाचून झालं की दुसऱ्या पालकाच्या हाती द्या.

शिकागो परिसरातले काही मराठी पालक