व्हेगनवाल्यांना शिव्या घालून सोयाबीनला भाव येत नसतो



गेले काही दिवस आपल्याच शेतकरी बांधवांच्या मोबाईलवर एक गोष्ट फिरतेय. हे व्हेगन लोक दूधधंद्याच्या मुळावर उठलेत, यांना गावात पाय ठेवू देऊ नका, असं. मला हे पटत नाही. का पटत नाही ते हिशोबानं सांगतो. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात कामानिमित्त पुण्याला गेलो होतो. आम्ही चौघं, चौघंही माळकरी. जेवायची वेळ झाली. एका मैदानाच्या कडेला चाकावरची खाण्याची गाडी उभी होती, पाटी होती ‘संपूर्ण व्हेगन’. म्हणलं, मटणाच्या चमच्याची भीती तरी नाही, चला. सोयापनीर घातलेली गुंडाळलेली पोळी घेतली, १८० रुपयाला एक. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू. गाडीवरची पोरगी ‘काका, तिखट कमी करू का’ म्हणून आपुलकीनं विचारत होती. आमच्यातले एक अण्णा म्हणले, “आपलं पिठलं-भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, हे सगळं व्हेगनच की! फक्त पाटी लावायची राहिली.” बरोबरच होतं त्यांचं.

पण गाडीवर दुसरी एक पाटी होती. ‘दूध म्हणजे हिंसा. आमचं अन्न पूर्ण प्राणीमुक्त.’ इथं मात्र मी थांबलो.

ताई-दादांनो, तुमच्या पोळीतली कोथिंबीर, कांदा, टोमॅटो, सोयाबीन कशावर वाढलं? आमच्याकडं सोयाबीनला हेक्टरी ५ टन शेणखताची शिफारस आहे. ते शेण गाईचं, म्हशीचं, बैलाचं. तुम्ही म्हणाल ताग, धैंचा गाडा. गाडतो, बागायतदार गाडतोच. पण ज्याचं सगळं वर्ष एका खरिपावर आहे, त्या कोरडवाहू माणसानं हंगामात रानात ताग पेरला तर खायचं काय? नुसत्या पोत्यातल्या खतावर काळी रानं घातली की सेंद्रिय कर्ब कसा उतरतो, ते माती तपासणीचा कागद सांगतो. तेव्हा दूध पिऊ नका, तुमची मर्जी. पण ‘प्राणीमुक्त’ म्हणू नका. जनावर तुमच्या ताटात नाही, पण ताटाच्या खाली आहे.

आता आपल्या लोकांना. त्यांची सगळीच बाजू खोटी नाही. संकरित गाईला गोऱ्हा झाला की त्याचं काय होतं, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काम नाही. २०१५ च्या कायद्यानं बैल-गोऱ्हे कत्तलीला बंद झाले, पण त्यांना पोसायचा खर्च कुणी उचलला नाही. मग रात्रीतून कुणाच्या तरी रानात मोकाट. यावर कालवड होण्याची खात्री वाढवणाऱ्या लिंगनिर्धारित रेतमात्रा स्वस्तात आणि वेळेवर गावात मिळायला पाहिजेत. हे मागायचं सोडून आपण शहरातल्या पोरापोरींना शिव्या देत बसलोय.

आणि दुधाचा भाव व्हेगननं पाडला, हे कुणी सांगितलं? २०२४ च्या जानेवारीत सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान मंजूर करावं लागलं. ते कशामुळं? भुकटी आणि लोण्याचे भाव पडले म्हणून. भेसळ आहे, फॅटची मापं आहेत, पेंडीचे दर आहेत. एवढे सगळे चोर घरात असताना आपण रस्त्यानं जाणाऱ्या पाहुण्याला धरलं. सोयाच्या पेयाला ‘दूध’ म्हणता येत नाही, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. तेवढा पाळला की भांडण संपलं.

आता खरा हिशोब बघा. २०२५-२६ हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव होता ५३२८ रुपये. माझं गेलं ४१०० नं. केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून माल माघारी पाठवला, बँकेचा हप्ता थांबत नव्हता, व्यापाऱ्याला घातलं. म्हणजे किलोला ४१ रुपये. एक किलो सोयाबीनचं दीड किलोच्या आसपास सोयापनीर होतं. त्या पोळीत धरा १०० ग्रॅम. म्हणजे सोयाबीन लागलं साधारण ६५ ते ७० ग्रॅम. माझ्या भावानं पावणेतीन रुपये. पोळी १८० ची!

गाडीवाल्या पोरीनं लुटलं असं मी म्हणत नाही. तिला जागेचं भाडं, गॅस, माणसाचा पगार आहे. पण पावणेतीन आणि १८० च्या मधल्या रस्त्यावर शेतकरी कुठंच उभा नाही, हे दुखणं आहे. सोयाबीनमध्ये ४० टक्के प्रथिनं आहेत. आपण ते तेलासाठी विकतो, पेंड कोंबड्यांना जाते. आता शहरात माणूस तेच प्रथिन पैसे मोजून खायला तयार झालाय, आणि आपण त्याला शत्रू म्हणतोय. गिऱ्हाईकाला कुणी शत्रू म्हणतं का?

सोयापनीर करायला रॉकेट लागत नाही. भिजवायचं, दळायचं, चांगलं उकळायचं (कच्च्या सोयाबीनमधला पचनाला अडवणारा घटक उष्णतेनंच मरतो), गाळायचं, फाडायचं, दाबायचं. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत याचं प्रशिक्षण मिळतं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत २०२५-२६ मध्ये ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत अनुदान होतं. अडचण थंड साखळीची आणि रोजच्या गिऱ्हाईकाची आहे. म्हणून एकट्यानं उडी मारू नका. बचत गट, शेतकरी कंपनी यांनी आधी जवळच्या शहरात खानावळी, हॉटेल बांधून घ्यावीत, मगच यंत्र घ्यावं.

कृषी खात्यातल्या साहेबांनाही विनंती आहे. शिवारफेरीत टोकण यंत्र दाखवता, तसं एकदा सोयापनीर करून दाखवा. बियाणं आणि फवारणीच्या पुढं सोयाबीनला आयुष्य आहे, हे आमच्या बायाबापड्यांना डोळ्यानं बघू द्या.

गाई ठेवा, शेणखत ठेवा, माळ ठेवा. आणि व्हेगन गिऱ्हाईक दारात आलं तर त्याला पाणी विचारा, बसवा, आणि आपल्या मालाचा भाव सांगा. भांडायचंच असेल तर ४१०० आणि ५३२८ च्या मधल्या १२२८ रुपयांसाठी भांडा.

तुमचं सोयाबीन यंदा काय भावानं गेलं, तेवढं कळवा.

राम कृष्ण हरी.