सल्ल्याचा तास कोणी घ्यायचा?

नवे शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आणि महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, श्रेयांक आणि ते साठविणारी पेढी असा मोठाच बाजार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे मांडला गेला. निवडीचे स्वातंत्र्य दिले हे योग्यच झाले. परंतु निवड करताना त्याच्या शेजारी बसणारा माणूस या व्यवस्थेत कोठे आहे?

कागदावर तो आहे. नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे प्रमाण दाखवावे लागते. त्यामुळे याद्या होतात, सह्या होतात आणि फाइल कपाटात जाते. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट यांनी १८६९ नंतर ऐच्छिक विषयांची पद्धत विस्तारली, तेव्हा विद्यार्थी सोपे तेवढेच वेचतात अशी ओरड झाली आणि नवागतांसाठी सल्लागार प्राध्यापक नेमावे लागले. आपण पद्धत आणली, सल्लागार तिकडेच राहिला.

वस्तुतः सल्लागाराने विद्यार्थ्याचा निर्णय घ्यायचा नसतो. कोणती निवड केली असता पुढचे कोणते दार बंद होते, एवढे त्याने वेळेवर दाखवावयाचे असते. अर्थशास्त्रात यालाच संधिखर्च म्हणतात. गणित आणि सांख्यिकी टाळून बी. ए. झालेल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याची किंमत एम. ए. ला अर्थमिती समोर आली की कळते. गावाकडे जाणारी शेवटची एस. टी. चुकू नये म्हणून कोणी दुय्यम विषय ठरवितो. तो आळशी नव्हे, हे ओळखण्यासाठी त्याच्या घरची परिस्थिती ठाऊक असावी लागते. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय तर दुधारी आहे. नोकरी करून परतू इच्छिणाऱ्याला ती आधार ठरेल. पण ज्या घरात मुलीचे शिक्षण थांबविण्यास निमित्तच हवे असते, तेथे तेच प्रमाणपत्र निमित्त होईल. ही गोष्ट माहितीपत्रकात छापता येत नाही. ती दोन-तीनदा बोलल्यावरच बाहेर येते, आणि तेही ऐकणाऱ्याला घाई नसेल तर.

ही सवड कोणाला आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते, आणि पदे मंजूर होतात ती वर्गातल्या तासांवरच. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाचे मानधन तर घेतलेल्या तासिकांपुरतेच. पुढच्या महाविद्यालयातील तासिका गाठण्यासाठी निघालेल्या माणसाने कोणाचे मनोगत ऐकावे? (त्याला स्वतःलाच सल्ल्याची गरज असते, हा भाग निराळा.) तेव्हा वीस विद्यार्थ्यांमागे आठवड्याला एक सल्ल्याचा तास कार्यभारात धरावा आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला त्याचे मानधन मिळावे. खर्च वाढेल हे खरे. परंतु चुकीच्या विषयात घालविलेल्या वर्षाचा खर्च आज पालक सोसतात, एवढेच की तो अंदाजपत्रकात दिसत नाही.

२०२४-२५ च्या पहिल्या तुकडीचे तिसरे वर्ष म्हणजे २०२६-२७. संशोधनासह चौथे वर्ष करावयाचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. ही अट सहाव्या सत्रात कळून काय उपयोग?