गवताचे व्हाउचर

पीककर्जाच्या अर्जासोबत येणारे सातबाऱ्याचे उतारे मी बँकेत असताना हजारोंनी पाहिले. त्यात ‘पोटखराबा’ म्हणून एक नोंद असते. जिच्यातून पीक निघत नाही ती जमीन तिथे जमा. आमचा हिशेब तेथेच संपे. जैसलमेर-बाडमेरच्या गवताळ वाळवंटाकडे सारा देश याच नजरेने पाहतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पडीक जमिनींच्या ॲटलासात झुडपी माळाला आणि वाळवंटी वाळूला रकाने आहेत, पण ते पडिकाचेच!

म्हणून तिथल्या डेझर्ट नॅशनल पार्कात कोणी परवानगी काढून रानझाडांचे नमुने दाबत बसतो, त्याला मी छंद म्हणत नाही. ३,१६२ चौरस किलोमीटरचा हा मुलूख. पाऊस जेमतेम, पण पडला की वाळूतून बारीक रोपे येतात, फुलतात, बी टाकून नाहीशी होतात. ती त्याच दिवसांत टिपायची. सेवण गवत मात्र वर्षानुवर्षे वाळू धरून उभे असते आणि गाई पोसते.

गवत मुळासकट घ्यायचे, कागदात दाबून वाळवायचे, जाड कागदावर डकवायचे. शेजारी चिठ्ठी: ठिकाण, तारीख, जमीन कशी, कोणी गोळा केले, क्रमांक आणि फुलाचा रंग, कारण तो पुढे उडतो. शास्त्रज्ञ अशा नमुन्याला व्हाउचरच म्हणतात, हे कळले तेव्हा मला हसू आले. व्हाउचरवाचून नोंद नाही, हा आमचा पहिला धडा! छायाचित्र का नको, असे कोणी विचारील. जरूर काढावे. पण गवताची ओळख अनेकदा कणसातल्या बारकाव्यांवर ठरते. ते भिंगाखाली उलगडावे लागतात, आणि पन्नास वर्षांनी शंका आली तर वस्तू हाती हवी.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या फादर ब्लाटर यांनी हॉलबर्ग यांच्यासह जोधपूर-जैसलमेरच्या वनस्पतींची सूची १९१८ ते १९२१ या काळात छापली. ब्लाटरांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या कॉलेजात आजही आहे. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी येण्याआधी तिकडे काय उगवत होते, याचा तो जुना खातेउतारा.

आता त्या बाजूला सौर प्रकल्प उभे राहत आहेत. माळढोकासाठी विजेच्या तारा जमिनीखालून न्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. २०२४ मध्ये तो आदेश शिथिल झाला. पक्ष्यासाठी निदान भांडण तरी झाले. सेवणासाठी कोण जाणार? गेलाच कोणी, तर ‘इथे काहीच नव्हते’ या वाक्यापुढे त्याला ठिकाण, तारीख आणि क्रमांक घातलेला कागदच ठेवावा लागेल.