पोराचे पैसे, पोराच्या खिशात

मागच्या आठवड्यात नातवाच्या शाळेतून सहलीचं पत्रक आलं. सहावीचा वर्ग थीम पार्कला जाणार. (कोणत्या ते लिहीत नाही, मुद्दा पार्कचा नाही.) गणवेश, पाण्याची बाटली, गाडी लागणाऱ्यांसाठी गोळी अशा नेहमीच्या सूचना होत्या आणि खाली ठळक अक्षरात एक वेगळी सूचना. विद्यार्थ्यांनी रोख रक्कम सोबत आणू नये. खर्चाची रक्कम पालकांनी वर्गशिक्षकांकडे जमा करावी, ती पार्कच्या मनगटी पट्ट्यात भरून मिळेल. पैशांच्या सुरक्षिततेसाठी सहकार्य करावे.

चिरंजीव म्हणाले, "बरं झालं, डोक्याला ताप नाही." सूनबाई म्हणाली, "आई, तो किती वेंधळा आहे तुम्हाला माहीत आहे. पट्टाच बरा." नातवाने फक्त एवढंच विचारलं, "त्या पट्ट्यावर किती पैसे उरले ते मला दिसेल का?"

कोणालाच माहीत नव्हतं. आणि कोणाला ते माहीत असायला हवं असंही वाटलं नाही.

तर मंडळी, माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. अकरा वर्षांच्या मुलाला सहलीचे दोन-तीनशे रुपये रोख द्यावेत, त्याच्याच खिशात ठेवू द्यावेत आणि ते कसे सांभाळायचे हे आधी घरी शिकवावं. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण ते काढून घेतो, तेव्हा पैसे कदाचित सुरक्षित राहतात. मूल मात्र कोरडंच राहतं, पाण्यात न उतरवता पोहायला शिकवल्यासारखं.

हे म्हणायचा मला अधिकार नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. कारण चौतीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतः मुलांचे पैसे 'सांभाळायला' घेतलेले आहेत. त्यातलीच एक गोष्ट आज लिहिते. घरातही कधी सांगितलेली नाही.

१९८४ सालचा डिसेंबर. एसटीच्या बसने सहल निघाली, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. निघण्यापूर्वी मी सगळ्यांचे पैसे गोळा केले. कोणाचे दोन रुपये, कोणाचे पाच. वहीत नाव आणि रक्कम लिहिली आणि पैसे माझ्या पर्समध्ये ठेवले. दौलताबादला पेरू घेऊन झाले. वेरूळला बाहेरच्या दुकानांत मण्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. एक मुलगा आला आणि म्हणाला, "बाई, तीन रुपये द्या, बहिणीला माळ घ्यायची आहे." मी वही पाहिली. त्याच्या नावापुढे दोन लिहिलेले. म्हटलं, "तुझे दोनच आहेत." तो म्हणाला, "पाच दिले होते बाई." मी वही त्याच्यापुढे धरली. सगळ्या वर्गासमोर. तो गप्प झाला. दोन रुपयेसुद्धा त्याने घेतले नाहीत.

संध्याकाळी घरी हिशोब केला तर पर्समध्ये तीन रुपये जास्त भरले.

त्या वेळी शाळेत संचयिका होती. अल्पबचतीची शाळेतली बँक. मुलंच कारकून, मुलंच खजिनदार, प्रत्येकाचं छोटं पासबुक. मी दुसऱ्या दिवशी त्याचे न घेतलेले दोन आणि ते तीन, असे पाच रुपये गुपचूप त्याच्या नावे भरून टाकले. वर्गासमोर चूक कबूल करायचं धाडस झालं नाही. पुढच्या आठवड्यात पासबुकं वाटली तेव्हा त्याने आपलं उघडलं, आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि मिटून दप्तरात ठेवलं. एक शब्द बोलला नाही. मीही नाही. वर्षभर तो माझ्या वर्गात होता.

ते पैसे सुरक्षित होते बरं का. एक पैसाही हरवला नाही.

असो. सांगायचा मुद्दा असा की वही काय आणि मनगटी पट्टा काय, दोन्हींत पैसे मुलाचे आणि हिशोब दुसऱ्याचा. हिशोबात चूक झाली तर मुलाच्या हातात दाखवायला काही नसतं. खिशात पाचाची नोट असती, तर त्या मुलाला वर्गापुढे खोटं ठरवायची माझी काय बिशाद होती?

आता पट्ट्याच्या बाजूने लोक काय म्हणतात ते एकेक पाहू.

पहिलं म्हणजे, गर्दीत खिसा कापला जातो. अहो, जातो ना! पण गर्दी आज आलेली नाही. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली आलं, इमॅजिका २०१३ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या शहरात नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा भरते. राहाटपाळणे, मौत का कुआं, पिपाण्या, रेवड्या आणि मुंगीला वाट मिळणार नाही अशी गर्दी. मी सात-आठ वर्षांची असताना आई मला चार आणे द्यायची. रुमालाच्या टोकाला गाठ मारून, तो रुमाल पोलक्याच्या आतून पिनेने अडकवून. वडील पैसे कनवटीला लावत, आजी पदराच्या गाठीला. आजोबांकडे कमरेला बांधायचा कसा होता. कनवट, कसा, चंची, बटवा, पुरचुंडी, चोरखिसा... पैसे सांभाळण्यासाठी आपल्या भाषेत एवढे शब्द आहेत, कारण आपली माणसं पैसे घेऊन गर्दीत जात होती आणि सांभाळून परत आणत होती. ही विद्या होती. ती आपण एका प्लॅस्टिकच्या पट्ट्याच्या बदल्यात देऊन टाकणार?

दुसरं म्हणजे, मुलं वाटेल तसा खर्च करतात. मग पट्ट्याने तो कमी होतो का? नोट दिली की खिसा हलका होतो, ते हाताला कळतं. शंभर मोडले की सुटे दिसतात, मोजता येतात. पट्टा टेकवला की 'टुंग' वाजतं आणि आइस्क्रीम हातात येतं. काय गेलं ते दिसतच नाही. पार्कचा धंदा मुलांनी खर्च करण्यावरच चालतो, त्यात त्यांना दोष नाही. पाळण्यावरचा फोटो उतरल्याबरोबर विकायला तयार असतो, खेळण्यांचं दुकान नेमकं बाहेर पडायच्या वाटेवर असतं. अशा ठिकाणी मुलाच्या बाजूने उभी राहणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याच्या मुठीत उरलेल्या नोटा. तीच आपण काढून घेतो.

आणि पट्ट्यातले संपले तर? मागे एका ठिकाणी (तेही नाव नको) माझ्या भाचीच्या मुलीने फोन केला, "आई, संपले." आईने ऑफिसातून बसल्या जागी आणखी पाचशे भरले. संपणं हाच तर धडा होता! तोच घडू दिला नाही. वर निघताना एकशेदहा रुपये शिल्लक होते, ते परत घ्यायला रांग, आणि बाहेर बस हॉर्न वाजवतेय. राहिले तिथेच.

तिसरं म्हणजे, एकाकडे पन्नास आणि एकाकडे दोन हजार असले की गरिबाच्या मुलाला वाईट वाटतं. हा मुद्दा मला मान्य आहे, अगदी मनापासून. त्यावर उपाय म्हणजे मर्यादा. शाळेने सांगावं, दोनशेच्या वर कोणी आणायचे नाहीत. आणि ही मर्यादा रोखीतच टिकते, कारण खिशात आपोआप पैसे वाढत नाहीत. घरून फोनवर भरता येणाऱ्या पट्ट्याला कसली मर्यादा?

चौथं म्हणजे, एवढ्या लहान मुलाला काय कळतं? का नाही कळत? रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बँकांना मुभा दिली की दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यावं, आणि २०२५ साली नव्या सूचनांमध्ये ती पुन्हा नीट मांडली. रक्कम किती, सोयी कोणत्या हे बँकेने ठरवायचं. म्हणजे देशाची बँक ज्या वयाच्या मुलावर विश्वास ठेवते, त्याच्यावर शाळा दोनशे रुपयांचा ठेवत नाही. बरं, याच शाळा आनंदनगरी भरवतात. तिथे तिसरी-चौथीची पोरं भेळ विकतात, गल्ला सांभाळतात, सुटे परत देतात आणि आपण टाळ्या वाजवतो. ते शिक्षण आणि सहलीला मात्र धोका?

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करते. पाण्याच्या खेळांत नायलॉनच्या कपड्यांना खिसे नसतात, तिथे पट्ट्याची सोय खरी आहे. पण त्यासाठी तासाभरापुरते पैसे लॉकरमध्ये ठेवता येतात. दिवसभराचा कारभार काढून घ्यायची गरज नाही.

आता नुसतं बोलून काय उपयोग, करायचं काय ते सांगते. हे मी नातवावर करून पाहिलेलं आहे.

चड्डीच्या आत, कमरपट्टीच्या खाली, झाकण आणि टिचबटण असलेला चोरखिसा शिवा. शिंपी नाही म्हणाला तर हाताने धावदोरा घाला, अर्ध्या तासाचं काम. त्यात एक नोट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. ही नोट शेवटपर्यंत काढायची नाही. बाकीचे पुढच्या खिशात, सुटे करून. मागच्या खिशात कधीही नाही. पाळण्यावर बसण्याआधी खिशाचं बटण लावलंय ना, ते चाचपायचं. लोकांसमोर सगळे पैसे काढून मोजायचे नाहीत, मोजायचे ते भिंतीकडे पाठ करून. मित्राचे पैसे आपल्याकडे ठेवायचे नाहीत आणि आपले मित्राकडे द्यायचे नाहीत. मैत्री राहते. आणि हे सगळं सहलीच्या दिवशी पहिल्यांदा नाही. आधी चार वेळा भाजी आणायला पाठवा, सुटे मोजून आणू द्या.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरून निघतानाच सांगा, "हरवले तर ओरडणार नाही, पण लगेच सांगायचं." पैसे हरवण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे हरवले म्हणून मूल ते लपवतं. मग ते उधार मागतं, खोटं बोलतं, किंवा 'चल, मी देतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर जातं. त्या भीतीपुढे दोनशे रुपये काहीच नाहीत.

गेल्या नवरात्रात मी नातवाला कर्णपुऱ्याला नेलं तेव्हा दोनशे रुपये दिले होते. पन्नास चोरखिशात, दीडशे पुढच्या खिशात. अर्ध्या तासाने त्याचं तोंड उतरलं. दहा मिनिटं बोलेना. मग म्हणाला, "आजी, पन्नास गेले." घाम पुसायला रुमाल काढला, त्याबरोबर नोट पडली होती. मी ओरडले नाही. पण भरूनही दिले नाहीत. (सूनबाई, हे तुला आत्ता कळतंय, रागावू नकोस.) त्याने उरलेल्यांचा हिशोब केला, ब्रेकडान्स पाळणा सोडून दिला, राहाटपाळण्यात बसला आणि आईसाठी बांगड्या घेतल्या. चोरखिशातले पन्नास तसेच घरी आणले. त्या दिवसापासून त्याचा रुमाल डाव्या खिशात आणि पैसे उजव्या. हे त्याला मी शिकवलेलं नाही. पन्नास रुपये फी भरून तो शिकला, आणि एवढ्या स्वस्तात मी कोणाला काही शिकवल्याचं मला आठवत नाही.

पत्रकावर चिरंजीवांनी सही करून दिली आहे. शाळेचा नियम मोडून नातवाला चोरून पैसे द्यायचे नाहीत, हे मी ठरवलंय. शिक्षिकेच्या घरात ते शोभत नाही. म्हणून मी वर्गशिक्षिकेला दोन पानी पत्र लिहिलं आहे. विनंती एवढीच की रोख दोनशेची मर्यादा घाला, एक तास मुलांना पैसे सांभाळायला शिकवा, हवं तर मी येऊन शिकवते. चोरखिसा शिवायचं प्रात्यक्षिकसुद्धा करून दाखवते. उत्तर अजून आलेलं नाही. त्या बाईंवर माझा राग नाही. चाळीस मुलं आणि चाळीस घरांचे फोन, मला माहीत आहे ते. १९८४ साली मीही भीतीपोटीच पैसे गोळा केले होते.

तुमच्याही घरी असं पत्रक आलं, तर सही करण्याआधी मुलाला एकदा विचारा, तुला स्वतःजवळ ठेवायला आवडतील का? आणि शाळेला एक चिठ्ठी लिहा. एका म्हातारीचं पत्र बाजूला पडेल, दहा पालकांची पडणार नाहीत.

तो मुलगा आता पन्नाशीच्या पुढे असेल. याच शहरात असेल कदाचित. कधी भेटला तर त्याचे पाच रुपये बरोबर होते हे मला त्याला सांगायचं आहे. चार लोकांसमोर.