नकाशाची सूची कुठे आहे?

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात आम्ही राहतो आणि उर्दू शाळेत भूगोल शिकवतो. नकाशाचा धडा आला की मुलांना बजावतो : शीर्षक, दिशा, प्रमाण, सूची, यांतले एक जरी राहिले तरी गुण कापू. एका मुलाने आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढून आणला. त्यात मशीद होती, पिठाची गिरणी होती आणि नाक्यावर पोलिसांची गाडी होती. गाडी तर फिरती असते, ती नकाशात कशी? आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, वो तो रोज वहींच रहती."

मित्रहो, आता पोलीसही नकाशे काढू लागले आहेत. केंद्राने 2009 मध्ये मंजूर केलेल्या सीसीटीएनएस योजनेतून ठाण्यांच्या नोंदी संगणकावर गेल्या. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने नागपुरात 'मार्व्हल' ही सरकारी कंपनी स्थापन केली. साठलेली माहिती चाळून पुढचा गुन्हा कुठे घडू शकेल, याचा अंदाज बांधणे हे तिच्या कामात येते. तपासाला मदत करणारी 'महाक्राइमओएस' ही प्रणाली राज्यातल्या सर्व म्हणजे सुमारे 1,100 ठाण्यांत नेण्याची घोषणा डिसेंबर 2025 मध्ये झाली. तेव्हा हा विषय केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. घरात चोरी झाली तर आम्हीही ठाण्यातच जातो. शाळेच्या वाटेवर मुलींना जिथे त्रास होतो, ती जागा नकाशावर आलीच पाहिजे. आमचा सवाल वेगळा आहे. संगणकाला गुन्हा दिसत नाही, नोंदवलेला गुन्हा दिसतो. जिथे नाकाबंदी जास्त तिथे झडती जास्त, जिथे झडती जास्त तिथे नोंदी जास्त. मग नकाशावर ती वस्ती लाल होते आणि लाल झाली म्हणून पुन्हा तिथेच नाकाबंदी लागते. इकडे कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन शेत लिहून घेणाऱ्या सावकाराविरुद्ध तक्रार द्यायला कोणी धजत नाही. त्याचा बंगला नकाशावर कोराच राहतो. यालाच शास्त्र म्हणायचे काय?

अमेरिकेत हे होऊन गेले आहे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 'प्रेडपोल' नावाची अशीच प्रणाली अनेक वर्षे वापरली. काळ्या आणि गरीब वस्त्यांवरच तिचे बोट जाते अशी टीका होत राहिली. शेवटी एप्रिल 2020 मध्ये ती बंद झाली. कारण मात्र खर्चाचे दिले गेले. त्याच वर्षी सांताक्रूझ शहराने अशा भाकितांवर बंदीच घातली.

आपल्याकडे तर रोग जुना आहे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये गेला. पण आमच्या जिल्ह्यातल्या पारधी बेड्यावरच्या माणसाला विचारा, शिक्का गेला काय? मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही सांगावे लागले, की केवळ मागास वा वंचित समाजातला म्हणून निरपराध माणसाचे नाव हिस्ट्रीशीटमध्ये चढवू नका. तीच वही जशीच्या तशी यंत्रात भरली, तर यंत्र वेगळे काय सांगणार?

मालेगाव आठवा. 2006 च्या स्फोटांनंतर नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले. एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. एक जण तो दिवस पाहायला उरला नव्हता. अशा माणसाचे नाव, त्याची गल्ली, त्याचा फोन नंबर संगणकातून कोण पुसतो? 2022 च्या ओळख कायद्यात, आधी शिक्षा न झालेला आरोपी निर्दोष सुटला तर त्याच्या बोटांचे ठसे नष्ट करण्याची तरतूद आहे. मग वस्तीवरचा लाल ठिपका पुसण्याची का नसावी?

आपल्या समाजालाही दोन शब्द. शांतता समितीच्या बैठकीत चहा पिऊन, फोटो काढून आपले पुढारी घरी येतात. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. यंत्रात काय भरले, असा एक साधा अर्ज कितीजणांनी केला? पारधी, बौद्ध, मुसलमान यांनी आपापले रडगाणे वेगळे गाण्यापेक्षा हा अर्ज मिळून करावा.

आमची मागणी वर्गातल्या नियमाइतकीच आहे. शीर्षक : हा नकाशा गुन्ह्यांचा की नोंदींचा, ते स्पष्ट लिहा. दिशा : तो कोणत्या कामासाठी वापरणार, ते कायद्याने बांधा. प्रमाण : त्या वस्तीत किती गस्त घातली आणि किती खटले न्यायालयात टिकले, तेही शेजारी मांडा. सूची : लाल रंगाचा अर्थ काय, तो कोणी ठरवला, हे लोकांसमोर ठेवा आणि दरवर्षी पोलीस खात्याबाहेरच्या माणसांकडून तपासून घ्या.

त्या मुलाला आम्ही पूर्ण गुण दिले. त्याने गाडीची खूण सूचीत दाखवली होती. सातवीतल्या पोराला जे जमते, ते सरकारला का जमू नये?