अर्थसीचा गेड गोरा नव्हता



कल्पित विश्वातील पात्रांना वंश नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणत्याही वर्णाचा नट निवडला तरी कथेचे काही बिघडत नाही, असे मत गेल्या अंकातील एका पत्रात मांडले आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी कथामालेपुढे ते टिकत नाही. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीत नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा, त्याचा मित्र वेच काळा, तर द्वीपसमूहावर हल्ला करणारे कार्ग लोक गोरे आहेत, आणि ही मांडणी जाणीवपूर्वक होती, कारण अद्भुतकथेचा नायक गोराच असावा हा रूढ संकेत लेखिकेला मान्य नव्हता. २००४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेत मात्र गेडची भूमिका शॉन अ‍ॅशमोर या गोऱ्या नटाला देण्यात आली. अशा बदलाला, म्हणजे मुळात गौरेतर असलेल्या पात्राला पडद्यावर गोरे करण्याला, श्वेतीकरण म्हणतात, आणि ले ग्विन यांनी त्याच वर्षी लेख लिहून त्याचा जाहीर निषेध केला. डॅनी ग्लोव्हर हा कृष्णवर्णीय नट गुरू ओगियनच्या भूमिकेत होता, हे खरे. परंतु त्यामुळे, आपल्या वर्णाचा नायक अद्भुतकथेत क्वचितच भेटणाऱ्या वाचकांकडून जे हिरावले गेले (आणि हीच यातील सर्वांत क्लेशदायक बाब आहे), ते भरून निघत नाही. या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवरही गेड वारंवार गोरा रंगवला गेला होता, आणि मुखपृष्ठावरील चित्राला अभिनयगुणाची कसोटी लागत नाही, त्यामुळे ‘भूमिका सर्वांत गुणी नटाला दिली’ ही सबब तिथे चालत नाही.

एक वाचक